येरमाळ्याची पहिली शेकोटी

येरमाळा पुष्कळांनी पाहिलेले असते, पण उतरून पाहिलेले नसते. सोलापूरहून तुळजापूर, धाराशिव, येडशी करीत बीडकडे आणि पुढे थेट धुळ्यापर्यंत जाणारा महामार्ग, आणि बार्शीहून कळंबकडे जाणारा रस्ता, हे दोन्ही येथे एकमेकांना छेदतात. गाडी थांबते, माणसे चहाचा पेला हाती घेऊन पाय मोकळे करतात, आणि गाडी निघते. येरमाळ्याची एवढीच ओळख घेऊन बहुतेक प्रवासी पुढच्या गावाला लागतात.

चैत्रात मात्र येथे मुंगीला शिरायला जागा नसते. गावालगतच्या डोंगरावर येडेश्वरीचे देऊळ आहे. भाविक तिला लाडाने येडाई म्हणतात आणि तुळजापूरच्या भवानीची धाकटी बहीण मानतात. चैत्री पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी देवीची पालखी डोंगर उतरून आमराईकडे निघते, आणि वाटेवरच्या रानात लाखो माणसे वाकून चुनखडीचे पांढरे खडे वेचतात. कुणी पाच वेचतो, कुणी ओंजळभर. या वेचलेल्या खड्यांच्या चुन्याने देवीचे देऊळ रंगवायचे, अशी परंपरा आहे. श्रीमंताचा खडा मोठा नसतो आणि गरिबाचा लहान नसतो. या यात्रेची वर्णने वाचकांनी वाचली असतील. मला सांगावयाचे आहे ते चैत्रातल्या येरमाळ्याबद्दल नव्हे, कार्तिकातल्या.

मराठवाडा म्हटले की शहरातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे ऊन उभे राहते. करपलेली माळराने, आटलेल्या विहिरी, पाण्याचे टँकर. त्या मराठवाड्यात कडाक्याची थंडी पडते, असे सांगितले तर ऐकणारा हसतो. पण येरमाळा बसले आहे बालाघाटच्या डोंगरांत. बार्शीचा सखल मुलूख सोडून गाडी चढाला लागली की, निदान कार्तिकात तरी, खिडकीतून येणारा वारा बदलतो. समुद्र येथून फार लांब. पाऊस सरला की हवेतली ओल जाते, आकाश काचेसारखे स्वच्छ होते, आणि दिवसभर तापलेली जमीन आपली सगळी ऊब रात्रीतून आकाशाला परत करून टाकते. ढगांचे पांघरूण असते तर थोडी तरी राहिली असती. शिवाय गार हवा जड असल्यामुळे ती उतारावरून पाण्यासारखी खाली सरकते व खोलगट जागी साचते. ओढ्याकाठच्या शेतात राखणीला जाणारा माणूस घोंगडी घेतल्याशिवाय निघत नाही, त्याचे कारण हेच.

आमचे हवामान खाते सपाट प्रदेशात थंडीची लाट केव्हा म्हणते, तर किमान तापमान १० अंश किंवा त्याहून कमी झाले आणि ते नेहमीपेक्षा निदान ४.५ अंशांनी उतरलेले असले तर. येरमाळ्याच्या माणसाला या आकड्यांची गरज नसते. त्याच्या भाषेत एकच मोजमाप आहे. “हिव वाजतंय” किंवा “अजून वाजंना.”

गेल्या कार्तिकात, दिवाळी उलटून आठवडा झाला असेल, मी मावशीकडे गेलो होतो. मावशीचे वय पंचाहत्तरीच्या पुढे. घरात मावसभाऊ, वहिनी, आणि पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली त्यांची मुलगी. तिच्या बाळाला मी गेलो तेव्हा एकोणीस दिवस झाले होते. मी पोचलो त्या दिवसापासून घरात एकच वाद चालला होता, आणि तो वाद असा, की विस्तव केव्हा पेटवायचा आणि कोठे पेटवायचा.

वाचकांना नवल वाटेल, की खेड्यातल्या घरात हा वाद व्हावाच कशाला? थंडी पडली की पेटवावी शेकोटी. पण मावशीनेच मला सांगितले, की हा वाद नवा आहे.

“आमच्या वक्ताला असं कुनी इचारतच नव्हतं,” ती म्हणाली. “चूल व्हती की घरात. सकाळी पेटली की रातच्याला इझायची. तिची धग भिंतीत, भिंतीची धग मानसाला. येगळी शेकुटी लागायची ती गप्पा मारायला.”

मावशी ज्या घराबद्दल बोलत होती, ती माळवदाची घरे. या भागात गावेच्या गावे माळवदांची होती. दीड-दोन हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडी तुळया, आणि तुळयांवर हातभर मातीचा थर. उजेडासाठी छताला एक साणे. असल्या भिंतीतून ऊन आत यायला संध्याकाळ होते आणि आतली ऊब बाहेर जायला पहाट होते. म्हणून ते घर वैशाखात गार आणि मार्गशीर्षात उबदार. कोणत्याही यंत्रावाचून, फुकटात.

मग ही घरे गेली कोठे? त्याला दोन कारणे घडली. पहिले कारण घडले १९९३ साली. ३० सप्टेंबरची पहाट, चार वाजायला चार मिनिटे कमी. आदल्या रात्री गणपती बोळवून दमलेली माणसे गाढ झोपेत होती. किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली. मारले ते भूकंपापेक्षा घराने. जी जड भिंत ऊब धरून ठेवी तीच अंगावर आली, आणि जे मातीचे छत ऊन अडवी त्याच्याच ओझ्याखाली कुटुंबे गाडली गेली. मावशीची नणंद लोहारा तालुक्यातल्या सास्तूरला दिली होती. तिच्या घरातले कुणीही राहिले नाही. येरमाळा त्या तडाख्यापासून दूर होते. गावातली माळवदे उभीच राहिली. पण मावशीच्या घरचे कुणी माळवदाखाली झोपेना. ती सबंध थंडी त्यांनी अंगणात, पाल ठोकून काढली. पुढे हातात पैसा येईल तसतशा दोन खोल्या सिमेंटच्या स्लॅबच्या झाल्या, एक पत्र्याची झाली. जुन्या घराची एक खोली तेवढी मागे उरली. तीत आता कडबा, पेंड आणि कोंबड्या असतात.

स्लॅबचे घर पडणार नाही असा भरवसा माणसाला वाटतो, आणि नीट बांधले असेल तर तो रास्तही आहे. पण ते ऊब धरत नाही. पाच बोटे जाडीचे छत पहाटेपर्यंत बाहेरच्या हवेइतके गार होते. पत्र्याची गोष्ट तर बोलायलाच नको. माणसांच्या श्वासाची वाफ रात्री पत्र्याला आतून धरते आणि पहाटे तोंडावर ठिबकते.

दुसरे कारण आनंदाचे आहे. घरात गॅस आला. २०१६ साली उज्ज्वला योजना निघाल्यानंतर ज्यांना परवडत नव्हता त्यांच्याही घरी सिलिंडर पोचला. चुलीच्या धुराने जिचे डोळे आयुष्यभर चुरचुरले, जिला पन्नाशीतच खोकला लागला, त्या मावशीला गॅसचे मोल कुणी सांगायला नको. ती शेगडीच्या बटणाला अजूनही हात जोडते. पण गंमत अशी, की गॅसवर स्वयंपाक होतो, घर तापत नाही. अर्ध्या तासात भाकरी होतात, बटण बंद केले की संपले. चूल गेली तिच्याबरोबर धूर गेला, आणि धुराबरोबर ऊबही गेली. पूर्वी ऊब हे स्वयंपाकाचे वरकड उत्पन्न होते. आता ती वेगळी मिळवावी लागते. म्हणूनच प्रश्न आला, पेटवायची केव्हा?

याचे उत्तर थंडीवर अवलंबून असते असे आपण शहरातली माणसे समजतो. येरमाळ्यात ते जळणावर अवलंबून असते. शेकोटीचे खरे जळण म्हणजे तुराट्या. तुरीच्या वाळक्या काड्या झटकन पेटतात, धूर थोडा करतात आणि निखारा धरतात. पण तूर निघते पौषाच्या सुमाराला. गेल्या सालच्या तुराट्या पावसाळ्यात पाणी तापवण्यात संपलेल्या असतात. म्हणजे कार्तिक हा थंडी सुरू होण्याचा महिना, आणि नेमका तोच जळण संपलेले असण्याचा महिना! सोयाबीन नुकतेच निघालेले असते, त्याचे भुसकट मुबलक असते, पण ते भडकते आणि विझते. त्याचा शेक हाताला लागेपर्यंत राख होते. गोवऱ्या असाव्यात, तर ट्रॅक्टर आले नि दावणीची जनावरे कमी झाली. उरला कडबा. पण कडबा शेकोटीत टाकणारा माणूस म्हणजे गाईच्या तोंडचा घास जाळणारा. त्याला गल्लीत कुणी आपल्या जवळ बसू देणार नाही.

म्हणून मावशीचा नियम असा होता. नरकचतुर्दशीला आंघोळीच्या पाण्यासाठी अंगणातली चूल पेटते, तिच्याभोवती मुलांनी हात शेकून घ्यावेत. ती पहिली ऊब. पण शेकोटी म्हणून वेगळी पेटवायची ती तुळशीचे लग्न झाल्यावर. तोवर वाकळ आणि घोंगडी. लवकर पेटवली तर जळण मार्गशीर्षातच संपते, आणि खरी थंडी तर त्यानंतर पडते.

मी शहरी शहाणपणाने तिला परदेशाच्या गोष्टी सांगितल्या. रशियात अशी रीत आहे, की सलग पाच दिवस हवेचे सरासरी तापमान आठ अंशांच्या खाली राहिले म्हणजे सगळ्या शहराच्या घरांतून ऊन पाण्याच्या नळ्या सुरू होतात. न्यूयॉर्कमध्ये १ ऑक्टोबर ते ३१ मेपर्यंत, बाहेर दिवसा साधारण १३ अंशांहून कमी झाले, तर घरमालकाने भाडेकऱ्याची खोली निदान २० अंशांवर ठेवावी, असा कायदा आहे. चीनची राजधानी पेकिंग, जिला आता बीजिंग म्हणतात, तेथे तर तारीखच ठरलेली. १५ नोव्हेंबरला घरे तापवायला सुरुवात, १५ मार्चला बंद. हवा फारच बिघडली तर तारीख थोडी अलीकडे ओढतात, इतकेच.

मावशीने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “आन् त्येंच्यातल्या एकांद्या लेकराला चौदा तारखेलाच हिव वाजलं तर?”

माझ्यापाशी उत्तर नव्हते. आणि घरातला वाद नेमका तेथेच होता. तुळशीचे लग्न अजून पुढे होते, थंडी मात्र थांबली नव्हती, आणि घरात एकोणीस दिवसांचे बाळ होते.

मावशीचे म्हणणे असे, की बाळंतिणीच्या खोलीत रात्रभर शेगडी ठेवावी. तिच्या वेळी असेच करीत. बाजेखाली विस्तव, वर बाळंतीण, ओव्याची धुरी, आणि दारे-खिडक्या गच्च बंद. तिची चारही बाळंतपणे अशीच झाली होती. शेगडी नको असेल तर मागच्या माळवदाच्या खोलीतला कडबा काढावा, ती सारवावी, आणि आईबाळाला तेथे निजवावे. “त्या खोलीत पांघरून लागत न्हाई,” ती म्हणाली, आणि ते खरेही होते. मी संध्याकाळी तेथे डोकावलो तेव्हा अंगावरची शाल काढावीशी वाटली.

मावसभाऊ एरवी आईपुढे शब्द काढत नाही. त्या दिवशी मात्र तो म्हणाला, “आई, त्या खोलीत मी माझ्या लेकीला निजवणार नाही. आत्याचं घर आठव.” मावशी गप्प बसली. बत्तीस वर्षे होऊन गेली तरी सास्तूरचे नाव या घरात मोठ्याने घेतले जात नाही.

मग उरली शेगडी. तिचा निकाल दुसऱ्या दिवशी आलेल्या आशाताईंनी लावला. बाळंतपण दवाखान्यात झाले असले तरी आशा कार्यकर्तीने घरी येऊन बाळाला सहा वेळा पाहावयाचे असते. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. ही एकविसाव्या दिवसाची भेट ताई एक दिवस आधीच उरकायला आल्या होत्या. त्यांनी बाळाचे वजन केले, पोटाला आणि तळपायाला हात लावून पाहिला, आणि कोपऱ्यातली शेगडी पाहून विचारले, “ही रात्री कुठे असते?”

त्यांनी पुढे सांगितले ते प्रत्येक घराने ऐकण्यासारखे आहे. बंद खोलीत कोळसा पुरेशा हवेवाचून धुमसू लागला की त्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर असता तर माणूस खोकून जागा झाला असता. या वायूने जाग येत नाही, उलट गुंगी येते. आपल्या रक्तातला जो पदार्थ प्राणवायू वाहून नेतो, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. मग श्वास चालू राहतो, पण अंगाला प्राणवायू मिळत नाही. उत्तरेकडे दर हिवाळ्यात खोलीत अंगीठी ठेवून झोपलेली कुटुंबेच्या कुटुंबे सकाळी उठत नाहीत, त्याचे कारण हेच.

“पण आमच्या येळंला काय झालं न्हाई ते?” मावशीने विचारले.

“आजी, तुमच्या घराला साणं होतं,” ताई म्हणाल्या. “दारं लाकडाची, फटी होत्या, वरून हवा जात होती. तरी त्या वेळी किती बाळं आणि बाळंतिणी गेल्या, आणि कशानं गेल्या, ते कुणी लिहून ठेवलंय का? आता ही खोली बघा. स्लॅब, लोखंडी दार, काचेची खिडकी. फट कुठे आहे?”

मावशीने खरोखरच उठून खिडकी पाहिली. फट नव्हती.

मग बाळाला ऊब कशाने द्यायची? ताईंनी सांगितलेला उपाय इतका साधा होता, की मावशीला प्रथम तो उपायच वाटेना. बाळाला टोपी, पायमोजे. आणि आईने बाळाला उघड्या छातीशी धरून वरून दोघांवर पांघरूण घ्यावे. १९७८ साली दक्षिण अमेरिकेतल्या बोगोटा शहरात डॉक्टर एडगर रे सनाब्रिया यांनी ही रीत रुग्णालयात सुरू केली. त्यांच्याकडे अपुऱ्या दिवसांची बाळे पुष्कळ आणि त्यांना ऊब देण्याच्या काचपेट्या थोड्या. तेव्हा त्यांनी आयांनाच पेटी केले. कांगारूसारखे पिल्लू पोटाशी धरायचे, म्हणून तिचे नाव कांगारू पद्धत. आज जागतिक आरोग्य संघटनाही तिचा पुरस्कार करते. आईच्या अंगाची ऊब बाळाला पुरते, आणि ती ना संपते ना वायू सोडते.

नात लाजली, पण तिने तसे केले. थोड्या वेळाने मावशीने बाळाच्या तळपायाला हात लावला. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, “ऊन हाय की रं.”

त्या संध्याकाळी मावशीने आपला नियम आपणच मोडला. तुळशीच्या लग्नाची वाट न पाहता शेकोटी पेटवायचे ठरले, पण ती खोलीत नव्हे, अंगणात, उघड्या आकाशाखाली. ऊब बाळासाठी नव्हती. बाळाची सोय झालीच होती. पण रात्री दोनदा उठणाऱ्या लेकीला आणि तिच्या आईला हातपाय शेकायला काही तरी हवे होते. शिवाय खोलीत विटा ऊन करून, जाड फडक्यात गुंडाळून, बाळापासून दूर, बाळंतिणीच्या पायथ्याशी ठेवायच्या होत्या. वीट तापते, हळूहळू निवते, आणि हवेत काही सोडत नाही. मातीच्या भिंतीचे कामच ते, फक्त फडक्यात बांधून.

जळण अपुरे होते ते होतेच. पण गल्लीत बातमी पसरली, आणि येडाईच्या चुन्याच्या खड्यांसारखे झाले. शेजारणीने चार गोवऱ्या आणल्या. समोरच्या घरून बाभळीचे एक खोड आले. कुणी नुकत्याच मोडलेल्या कुंपणाच्या काट्या आणल्या. शेकोटीचा हा जुना कायदा आहे. रिकाम्या हाताने येऊन बसायचे नाही. दोन पोरे कोठून तरी फाटके टायर घेऊन आली, त्यांना मावशीने काठी दाखवून पिटाळले. टायरचा आणि प्लास्टिकचा धूर हा ऊब देत नाही, छातीत बसतो. हे तिला कुणी शिकवलेले नव्हते.

आम्ही शेकत बसलो होतो तेव्हा महामार्गावरून ट्रॅक्टर जात होते. एकामागे एक, ट्रॉल्यांत माणसे, बोचकी, पत्र्याच्या पेट्या, एखादी शेळी. दसरा-दिवाळी झाली की बालाघाटच्या डोंगराळ गावांतली हजारो कुटुंबे ऊसतोडीला निघतात. काही जवळच्या कारखान्यांना, काही पश्चिम महाराष्ट्रात, काही कर्नाटकात. पुढचे पाच-सहा महिने त्यांचे घर म्हणजे उसाच्या फडाजवळची कोपी. तिला ना भिंत ना स्लॅब. पहाटे अंधारात कोयता हाती घेण्यापूर्वी ती माणसे उसाच्या पाचटाची शेकोटी करतात. केव्हा पेटवायची हा प्रश्न त्यांना पडत नाही. त्यांच्यातही एखादी ओली बाळंतीण असतेच.

वहिनी बराच वेळ त्या दिव्यांकडे पाहत होती. मग ती उठून आत गेली आणि लेकीच्या पायथ्याची वीट बदलून आली.

दिवाळीचा फराळ आटोपून वाचक हा अंक हाती घेतील तेव्हा त्यांच्याकडेही हवा गार झालेली असेल. कुणी हीटर काढील, कुणी रखवालदाराला शेगडीसाठी कोळसे देईल. त्यांनी एवढे एकच करावे. रखवालदाराच्या खोलीला फट आहे की नाही, ते आधी जाऊन पाहावे.